डहाणूला लागलेला बोया

बाबा, परवा आईने मला एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे. त्या प्रश्नाकडे येतेच, पण आधी मी काय काम करते ते तुम्हाला सांगायला हवं. तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होते आणि तुमची पक्की समजूत होती की पोरगी शिकून बँकेत लागेल, पंख्याखाली बसेल. मी एसीखाली बसते. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. खाली लेथ मशीनचं वर्कशॉप, समोर बिस्किटांच्या खोक्यांचं गोडाऊन, आणि खिडकीतून दिसतो तो येऊरच्या डोंगराचा एक तुकडा. समुद्राचा वाससुद्धा तिथे येत नाही. तरी सकाळी खुर्चीवर बसल्यापासून संध्याकाळी उठेपर्यंत मी समुद्रच बघत असते, डहाणूपासून पार गोव्याच्या खालपर्यंत.

मी मासे कुठे मिळतील ते सांगते. हसू नका. उपग्रह वरून समुद्राच्या पाण्याचं तापमान मोजतो, त्याचं रंगीत चित्र आमच्याकडे येतं. कुठे अठ्ठावीस डिग्री, कुठे सव्वीस. जिथे ऊन पाणी आणि गार पाणी एकमेकांना भिडतात तिथे चित्रात एक रेघ उमटते. त्या रेघेवर वाहतं पाणी सगळा बारीकसारीक जीव गोळा करून आणतं, त्यामागे तारली-बांगडा येतो, आणि त्यांच्या मागे कुपा, मोठी सुरमई आणि तो पाठीवर शिडासारखा पर असलेला मासा. मी ती रेघ शोधते, प्रवाह कुठल्या बाजूला ओढतोय ते बघते, समुद्राचा तळ जिथे एकदम खोल उतरतो त्याच्याशी ताडून घेते आणि नकाशावर खूण करते. तो नकाशा मोबाइलवर बोटवाल्यांना जातो. आमची निम्मी गिऱ्हाइकं तर हौशी आहेत. सुट्टीच्या दिवशी बोट भाड्याने घेऊन खोल समुद्रात जातात, गळ टाकून तास तास एका माशाशी झुंजतात, त्याच्यासोबत फोटो काढतात आणि त्याला परत पाण्यात सोडून देतात. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. तुम्ही काय म्हणाला असता ते मला पाठ आहे. मग घरी झोपा की, कशाला डिझेल जाळता.

तुम्हाला तशी टोमण्यांची सवय होती. खाडीवरचा कोळी, लग्न करून ठाकुर्लीला आमच्या आजोळच्या आगरी वस्तीत राहायला आला, म्हणून सगळी आळी तुम्हाला घरजावई म्हणायची आणि तुम्हीही छाती काढून म्हणायचात की हो, सासऱ्याने हुंड्यात विहीर दिली आहे. ठाण्याच्या खाडीत मासळी उरली नव्हती. जाळ्यात प्लास्टिक आणि काळा चिखल यायचा. मग तुम्ही मुंबईच्या धक्क्यावरून दुसऱ्याच्या बोटीवर जायला लागलात, आठ-आठ दिवस. परत यायचात ते कुपा घेऊन. तो काळसर मांसाचा मासा आईला मुळीच आवडायचा नाही. अजून आठवतं, तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसलेले आहात, अंगाला डिझेलचा वास आहे, आई पाट्यावर खोबरं वाटते आहे आणि तुमचं भांडण चाललं आहे. तुमच्या आईचा मसाला चांगला की तिच्या आईचा. चिंच किती घालायची. आई शेवटी तुमच्या सांगण्यासारखं करते आणि पहिला घास घेतल्यावर तुम्ही म्हणता, तुझ्या आईचाच बरा होता. मी इतकी हसते की ठसका लागतो.

समुद्राबद्दल मात्र तुम्ही थापा मारायचात, हे आता मला कळतं. पाण्याचा रंग बघून आणि फेसाची लांबलचक पट्टी बघून मासा कुठे आहे ते सांगतो म्हणायचात. कधी खरं व्हायचं. कितीतरी वेळा बोट रिकामी यायची, आणि मग दोष बोट हाकणाऱ्या तांडेलाचा, नाहीतर इंजिनाचा, नाहीतर शेजारच्या बोटीवर कोणीतरी शीळ घातली त्याचा. माझंही रिकामं जातं कधी कधी. आभाळ भरून आलं की उपग्रहाला खालचं दिसत नाही, मग मी कालच्या चित्रावरून आजचा अंदाज बांधते आणि बोटवाला फोन करून माझा उद्धार करतो. अशा दिवशी मीही आभाळाला दोष देते आणि देताना आवाज तुमचा लागतो.

एकच गोष्ट तुम्ही मला रागावून शिकवलीत. मी पाच-सहा वर्षांची असेन. तुम्ही निघालात, खांद्याला रेक्झिनची पिशवी, पायात चपला, आणि मी दारातून ओरडले, बाबा, कुठे चाललात? तुम्ही थांबलात. चपला काढल्यात, आत आलात, पाटावर बसलात, पाणी मागून प्यायलात. चेहरा असा झाला होता की मला वाटलं आता मार बसणार. जाणाऱ्या माणसाला कुठे म्हणून विचारू नये, काम होत नाही, आणि समुद्रावर जाणाऱ्याला तर मुळीच विचारू नये, असं तुम्ही मला दोनदा म्हणायला लावलंत. विचारायचंच असेल तर "लांब का?" असं विचारायचं. मग बऱ्याच वेळाने पुन्हा उठून गेलात. ते आमच्या घरात इतकं मुरलं की त्यानंतर कोणी कधी विचारलं नाही. शिवाय बोटवाले आपली मासळीची जागा सख्ख्या भावाला सांगत नाहीत, तेव्हा विचारून तरी काय मिळणार होतं. तुम्ही शेवटचे निघालात त्या पहाटे आई दारात उभी होती, मी अंथरुणात. तिने विचारलं, लांब का? तुम्ही म्हणालात, हो, जरा लांब.

दिवाळी नुकती होऊन गेली होती. वादळ नव्हतं, वारा नव्हता. तुमच्याबरोबर त्या धक्क्यावरून निघालेल्या बाकीच्या बोटी परत आल्या, तुमची आली नाही. बोटीवर तुम्ही चौघं होतात आणि चौघांच्याही घरची माणसं किनाऱ्यावरच्या चौकीत बाकड्यावर बसली होती. तिथला साहेब वाईट नव्हता. त्याने भिंतीवरच्या मोठ्या नकाशापाशी नेलं आणि साधा प्रश्न विचारला, कुठे गेले होते? आम्ही एकमेकांची तोंडं बघितली. चार बायका, चार घरं, आणि एकीनेही आपल्या नवऱ्याला हे विचारलेलं नव्हतं. त्याने पुन्हा विचारलं, निदान कोणत्या बाजूला? आई म्हणाली, समुद्रात. त्याने सगळीकडे शोधायला सांगितलं, आणि सगळीकडे शोधायचं म्हणजे कुठेच नीट शोधायचं नाही, हे त्या नकाशाकडे बघून मलाही समजलं होतं.

काही आठवड्यांनी डहाणूच्या वाळूत एक बोया सापडला. जाळ्याला बांधतात तसला नारिंगी बोया, त्यावर तुमच्या बोटीचा नंबर रंगवलेला. तेवढाच. मामा आईला घेऊन तिकडे गेला, मीही गेले. आई त्या वाळूत बसली ती संध्याकाळपर्यंत उठेना. मामाने पुढे खूप समजावलं की दर्भाचा पुतळा करून विधी करून घेऊ, माणूस असा अडकून ठेवू नये. आईने ऐकलं नाही. म्हणाली, कुठं गेले ते मला ठाऊक नाही आणि मी त्यांना जाळून मोकळी होऊ? मंगळसूत्र तिच्या गळ्यात राहिलं. नारळी पौर्णिमेला सगळ्या कोळीवाड्यांतून नारळ निघतो, तेव्हा ती आपला नारळ घेऊन डहाणूला जाते. बोया तिथे आला म्हणजे तुम्ही तिथेच आहात, एवढा तिचा हिशेब. इतकी वर्षं तुम्ही आमच्या घरात ना जिवंत ना गेलेले. रेशन कार्डावर तुमचं नाव आहे, हार घातलेला फोटो नाही. भाताचं पातेलं उतरवताना आई अजूनही एका माणसाचं जास्त शिजवते आणि सकाळी तो भात फोडणी घालून आम्ही दोघी खातो. तुम्हाला मेलेलं म्हणायची आमच्याकडे मुभा नाही. या पत्रात मी ते पहिल्यांदा लिहिते आहे.

ही नोकरी लागली आणि पहिल्या काही महिन्यांतच मला कळलं की तुम्ही डहाणूला नाही. दिवाळीनंतर आपल्या किनाऱ्याचं पाणी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहायला लागतं. जे डहाणूला लागतं ते खालून कुठून तरी आलेलं असतं. हे कळल्यावर मी जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन उभी राहिले. आईला सांगितलं नाही. तिच्याकडे एवढा एक किनारा होता, तो मी कसा काढून घेणार? पण तेव्हापासून माझं काम माझं राहिलं नाही. सकाळी नवीन चित्र उघडलं की नजर आधी रेघेवर जात नाही, उगाच इकडेतिकडे फिरते. चित्रातला सगळ्यात बारीक ठिपका म्हणजे ठाकुर्ली स्टेशनपासून जवळजवळ डोंबिवलीपर्यंतचं अंतर. त्यात बोट दिसत नाही, माणूस तर नाहीच. मला हे पक्कं माहीत आहे आणि तरी मी चित्र मोठं करत करत जाते, इतकं की नुसते रंगीत चौकोन उरतात. शेजारचा मुलगा विचारतो, मॅडम, काय शोधताय? मी म्हणते, काही नाही, रेघ. बोटवाल्यांसाठी खूण करताना मागे कोणीतरी चपला काढल्याचा आवाज येतो. मी वळून बघत नाही. बघितलं तर तिथे पाण्याचा कूलर असतो.

आमच्याकडे जुनी चित्रंही साठवलेली आहेत, त्या वर्षाचीसुद्धा. आणि प्रवाहाचा हिशेब उलटाही करता येतो. बोया अमुक दिवशी इथे सापडला, तर रोज मागे मागे जात तो कुठून सुटला असेल, हे संगणक सांगू शकतो. हरवलेल्या बोटी शोधायला हल्ली तेच करतात. मला ते येत होतं आणि मी ते करत नव्हते. भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

आता परवाचं सांगते. आईचे गुडघे यंदा फारच धरले आहेत. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं आहे, आणि नारळी पौर्णिमा तोंडावर आली आहे. रात्री जेवताना मी म्हटलं की यंदा तुझ्या वतीने मी डहाणूला जाऊन येते. ती भात कालवत होती. हात थांबला. म्हणाली, "तू रोज सांगतेस पाणी वाहतं म्हणून. मग तो बोया वाहतच आला असंल ना तिथं?" मी हो म्हटलं. मग तिने ताटाकडे बघत विचारलं, "मग ते कुठं गेलेले गो?"

बाबा, तुमच्याबद्दल 'कुठे' हा प्रश्न आमच्या घरात इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता. मी दाराकडे बघितलं. खरंच बघितलं, तुम्ही परत आत येऊन पाणी मागाल असं वाटून. आई पुढे म्हणाली की तेव्हा विचारायचं नव्हतं म्हणून विचारलं नाही, आता तर ते निघून गेले, आता विचारलं तर काय बिघडणार आहे. आणि मी मरायच्या आत मला ते कळायला पाहिजे, म्हणजे त्यांचं काय ते करता येईल. हे तिने रडत सांगितलं नाही, उद्या गॅस संपेल अशा आवाजात सांगितलं.

शनिवारी ऑफिसात कोणी नसतं. दुपारी मी जाऊन बसले. बोया सापडलेला दिवस आणि जागा टाकली आणि तुम्ही निघालात त्या दिवसांपर्यंत हिशेब उलटा सोडला. संगणक एक बोया धरून मागे जात नाही, तो हजारो ठिपके सोडतो, कारण प्रत्येक लाट आणि प्रत्येक झुळूक कोणाला ठाऊक नसते. ते सगळे ठिपके डहाणूपासून हळूहळू खाली सरकले, वसई मागे पडली, मुंबई मागे पडली, अलिबागच्या समोरून बाहेर बाहेर गेले आणि पसरले. ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंत पसरतील एवढे. मी ते बघत बसले, आणि मग त्यावर तुम्ही निघालात त्याच्या दुसऱ्या दिवसाचं तापमानाचं चित्र ठेवलं. आभाळ स्वच्छ होतं त्या दिवशी, चित्र अगदी नितळ आलं आहे. आणि बाबा, ठिपक्यांच्या बरोब्बर मधून रेघ गेली आहे. एका बाजूला ऊन पाणी, दुसऱ्या बाजूला गार, मधे अशी ठळक रेघ की शिकाऊ पोरानेही ओळखावी. तुमची ती फेसाची पट्टी. या खेपेला तुमचा अंदाज खरा होता. कुपा तिथेच असणार. त्या दिवशी मी या खुर्चीत असते आणि तुम्ही मला फोन करून विचारलं असतंत, तर मी तुम्हाला तिथेच पाठवलं असतं. खरं आहे ते असं आहे.

अजून एक बघितलं. तेलाची मोठी जहाजं ज्या वाटेने ये-जा करतात, ती वाट त्या दिवशी त्या रेघेला आडवी छेदून जात होती. तेवढ्या मोठ्या जहाजाला छोटी बोट अंधारात दिसत नाही, धक्का लागला तरी कळत नाही. तसं झालं का, मला माहीत नाही. कोणालाच कधी कळणार नाही. रेघ त्या वाटेवर पडली की यापुढे मी खुणेखाली लाल अक्षरांत सूचना लिहिणार आहे. हौशी लोक ती वाचतील की नाही देव जाणे.

घरी आले तेव्हा आई ओट्यापाशी स्टुलावर बसून मेथी निवडत होती. मी मोबाइलवर नकाशा उघडून तिच्या हातात दिला. ठिपक्यांचा तो ढग तिला दाखवला नाही. ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंत कुठेतरी, असं म्हणून कोणाचं समाधान होतं? एकच ठिपका ठेवला होता. त्यावर बोट ठेवून म्हटलं, आई, इथे. ती जवळ धरून बघत राहिली. डहाणू कुठे आहे ते विचारलं, मी दाखवलं. दोन बोटांच्या मधलं ते अंतर बघून तिचा चेहरा उतरला. म्हणाली, म्हणजे मी इतकी वर्षं भलतीकडंच नारळ सोडले. तेव्हा मी तिला खरं तेच सांगितलं की श्रावणात पाणी उलटं असतं, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतं. किनाऱ्यावर सोडलेला नारळ बहुतेक लाटेबरोबर परत येतो, पण जो आत ओढला गेला असेल तो खालीच गेला असेल, तुमच्याच बाजूला. तिने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग मेथीची जुडी बाजूला ठेवली, हात पदराला पुसले आणि विचारलं, "पाणी ऊन होतं का गार, तिथलं?"

मी म्हटलं, "ऊन होतं."

"मग बरं," ती म्हणाली. "गार सोसायचं नाही त्यांना." जरा वेळाने तिने मामाला फोन लावायला सांगितला. भटजींना विचारून दिवस धरायचा आहे. मंगळसूत्र त्या दिवशी काढीन म्हणाली, आधी नाही. रात्री तिने भात दोघींपुरताच लावला आणि तो कमी पडला, कारण तेवढा लावायची तिला सवयच राहिलेली नाही. आम्ही वर पाव खाल्ला.

हे पत्र मी कोणालाही दाखवणार नाही, आईला तर नाहीच. विधीच्या दिवशी दर्भाबरोबर ठेवून द्यावं असं एकदा मनात आलं होतं, पण मामा उघडून वाचेल. ऑफिसच्या खणातच राहील, किल्ली माझ्याकडे असते. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं, बाबा, की रेघेच्या दोन्ही बाजूंना ठिपके सारखेच होते. ऊन पाण्यातला मी निवडला.